मिटलेलं प्रवाळ

आमच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या मत्स्यटाकीत एक जिवंत प्रवाळ आहे. आज ते उमललंच नाही. पाणी तपासलं, तर खारटपणा वाढलेला.

"अहो, पाणी आटलं होतं, म्हणून मी मिठाचं घातलं," बायको म्हणाली.

"आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. आटलेल्या आमटीत तू मीठ घालतेस का?"

"मग ओता की बादलीभर साधं पाणी!"

तेही चालत नाही. चूक एका झटक्यात होते. तिची दुरुस्ती मात्र समोरच्या जिवाला सोसेल एवढ्याच वेगानं करावी लागते. बायको दिवसभर थांबून थांबून पेलाभर खारं पाणी काढून तेवढंच शुद्ध पाणी सोडत राहिली. संध्याकाळी प्रवाळाचं एक टोक उघडलं. "अगंबाई!" म्हणत ती भरला पेला हातात धरून तशीच उभी राहिली.