धर्मकाट्यावर मारुती

देवावर तुमचा विश्वास किती, असं त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, आमच्या ट्रकच्या हँडब्रेकवर आहे तितका. म्हणजे आहे, पण उतारावर त्याच्या भरवशावर राहू नये. हा ट्रक माझ्या वडिलांनी धानाची पोती न्यायला घेतला, तेव्हाच तो जुना होता. सकाळी तो वडिलांसारखाच तीनदा खोकून मग उठतो, म्हणून माझी बायको सासऱ्यांना म्हणायची तसं त्यालाही मामाजी म्हणते आणि त्याच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर घेते. त्याचा फिटनेस, विमा, पीयूसी सगळं वेळच्या वेळी होतं ते तिच्यामुळे. मी नुसता चालवतो आणि बढाया मारतो.

अशाच एका बढाईनं मला गोत्यात आणलं. आमचं गाव सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. तलावाच्या पाळीवरचा मारुती पिढ्यान् पिढ्यांच्या तेला-शेंदरानं आणि पावसानं इतका झिजला होता, की नाक कुठलं आणि गाल कुठला ते कळेना. गावानं कुडवा गावच्या एका कारागिराकडे काळ्या दगडाची नवी मूर्ती घडवायला दिली आणि जुन्या मारुतीचं विधिपूर्वक तलावात विसर्जन केलं. चौथरा रिकामा झाला. मूर्ती कोण आणणार, असा प्रश्न सभेत निघाला, तेव्हा कोणी विचारलेलं नसताना मी उभा राहिलो. "माझ्या ट्रकात आणतो. फुलासारखा आणतो." टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, "फूल म्हणे! दगड आहे तो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खंडित मूर्ती पूजेत चालत नाही. वाटेत नुसता कानाचा टवका उडाला, तरी गावाचा चौथरा माझ्यामुळे रिकामा राहणार होता.

मूर्ती आणायला मी एकटाच जाणार असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात देवाला घ्यायला चौदा माणसं, एक ढोलकी आणि झांजांची पिशवी ट्रकात चढली, आणि केबिनमध्ये माझ्या शेजारी बायको. कारागिराच्या माणसांनी मूर्ती हौद्याच्या मधोमध उभी केली, डोळ्यांवर कापड बांधलं. मी दोर काढला, तसे गोविंदाबापू उखडले. बापू ऐंशीच्या घरातले, मारुतीची पूजा त्यांच्याकडे. "देवाले दोर? चोर आहे का तो? आमी धरतो चारी बाजूनं." सगळ्यांनी मारुतीला कवटाळलं. मागच्या स्प्रिंगांचे पाटे वजनानं दबले ते मला दिसलं. इतकी माणसं मालाच्या गाडीत बसवणं कायद्यात नाही, हेही मला चांगलं ठाऊक होतं. पण देवाच्या कामात हा कायदा काढतो, असं गाव म्हणेल या भीतीनं मी गप्प बसलो. गिअर टाकताना मात्र मनात म्हणालो, बाबा मारुती, मला बोलायची हिंमत नाही. तूच काही कर. कित्येक वर्षांत मी केलेली ती पहिली खरी प्रार्थना असेल.

दोन मिनिटांत हॉर्न अडकला. एकदा वाजवला तो थांबेचना. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले, एकानं स्कूटरवरून उतरून हात जोडले. वर ढोलकीवाल्याला चेव आला. मी घामाघूम होऊन समोर दिसलं त्या फाटकात ट्रक घातला, मोकळी जागा पाहून थांबवला आणि बॉनेट उघडून तार ओढून काढली.

"ओ भैया! काट्यावर गाडी लावून भोंगा काऊन वाजवून राहिले?"

ते राईस मिलचं आवार होतं आणि मी ट्रक नेमका धर्मकाट्यावर, गाड्या तोलायच्या लोखंडी पाटीवर उभा केला होता. खिडकीत साठीच्या एक बाई बसल्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी म्हटलं, "बाई, चुकून आलो जी."

"चुकून आला तरी वजन तर आलंच ना." त्यांनी चष्मा लावला, समोरचा आकडा पाहिला, मग ट्रकच्या दारावर रंगवलेला, एकूण किती वजन चालतं तो आकडा पाहिला. जवळजवळ चार क्विंटल जास्त. मग त्यांनी हौद्याकडे पाहिलं. "देव नेऊन राहिला का वरात?"

वरचे सगळे गोरेमोरे झाले. "उतरा बरं सगळे. उतरा, काही होत नाही, देव पळून नाही जाणार." चौदा माणसं, ढोलकी आणि झांजा खाली आल्या. आकडा झरझर उतरला आणि हद्दीच्या आत येऊन थांबला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, "पाह्य. देव बसते तुझ्या गाडीत. भक्त नाही बसत."

आधी माझी बायको हसली, मग सगळेच. मला मात्र हसता हसता कसंसंच झालं. इतके दिवस मी मारुतीच्या वजनाला भीत होतो.

बाई खाली उतरून आल्या. त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, जन्मभर ट्रक चालवला होता, हे त्यांच्या बोलण्यात आलं. मूर्ती उभी नेऊ नका, आडवी करा, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या गादीवर, केबिनला टेकून. दोन्ही अंगाला कोंड्याची पोती लावा. आणि दोर आवळा. बापू आडवे आले. "देवाले मुर्द्यासारखं झोपवू?" मला वाटलं आपण शहाणपणा करावा. म्हटलं, "बापू, अजून प्राणप्रतिष्ठा नाही झाली. आज तर तो दगडच आहे." सगळं गाव माझ्यावर तुटून पडलं, त्यात बायको सगळ्यात पुढे. "फूल होता ना तुमचा?"

बाईंनी हात वर केला. "बापू, तुमी मोठे. मले सांगा, लंकेत हनुमानाले बांधलं होतं का नाही?"

"होतं," बापू म्हणाले.

"तोडता नसते आले त्याले ते पाश? पण ब्रह्मास्त्राचा मान ठेवला त्यानं. आपणहून बांधून घेतलं. मंग तुमीच कायले अडून राहिले?"

 बापूंनी माझ्या हातातला दोर घेतला, डोक्याला लावला आणि पहिला फास स्वतः टाकला. मिलच्या हमालांनी आणि आमच्या लोकांनी मिळून मारुतीला तणसावर निजवलं, डोकं केबिनकडे. बाकीचे लोक पॅसेंजर रेल्वेनं सालेकशाला निघाले; झांजा तिथेही वाजल्याच, असं नंतर कळलं. केबिनमध्ये मी, बायको आणि बापू. निघताना बाई म्हणाल्या, "ज्या गिअरात चढते, त्याच गिअरात उतरव. ब्रेकवर नको राहू."

सालेकशाच्या पुढे, गाव दोन किलोमीटरवर असताना जंगलातला उतार लागतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो, बायकोनं दोनदा विचारलं होतं की पायी लवकर पोचू का. वळण घेतलं आणि समोर रस्ताभर गुरं. गावाकडे परतणारा अख्खा कळप. मी ब्रेक दाबला. ट्रक कुरकुरला, सरकला, अजून थोडा सरकला आणि थांबला. एक पांढरी गाय बंपरला नाक लावून उभी होती. तिनं बंपर चाटला आणि निघून गेली.

 मी मागे गेलो, हौद्यात चढलो. दोर जिथल्या तिथे होता, मूर्ती बोटभरही हललेली नव्हती. चौदा माणसं तिला धरून उभी असती तर काय झालं असतं, ते चित्र मनात आलं. मी तणसात बसलो. हात मारुतीच्या छातीवर होता, दगड उन्हानं कोमट झाला होता. मला रडू आलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही. खालून बापूंनी विचारलं, "कसा आहे रे?" मी म्हटलं, "झोपला आहे, बापू."

पाळीवर सगळं गाव उभं होतं. मूर्ती उतरवली, बायकांनी कान, नाक, शेपटी, बोटं एकेक चाचपून पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठा झाली आणि आमच्या चौथऱ्यावर पुन्हा मारुती उभा राहिला.

हॉर्नची तार जुनी होती, कधीतरी अडकणारच होती, हे मलाही कळतं. त्याच वेळी, त्याच फाटकासमोर का अडकली, ते मी कोणाला पटवायला जात नाही. मला एवढंच समजलं, की मी सगळं देवावर सोडलं असं म्हणत होतो, तेव्हा खरं तर लोकांच्या भीतीवर सोडलं होतं. देवावर सोडायचं म्हणजे आधी आपला फास नीट आवळायचा, जास्तीचं खाली उतरवायचं आणि मग पुढचं त्याच्या हाती द्यायचं. जो स्वतः बांधून घ्यायला लाजला नाही, त्याच्यापुढे मी कसली लाज धरून बसलो होतो!

तिसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन धर्मकाट्यावर गेलो. बाईंनी तो डोळ्यांना लावला. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "माह्या कायले पडतं? पोचला ना नीट?"

"पोचला."

"आणि माणसं?"

"सगळी."

त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसत म्हणाल्या, "मंग झालं." मागे धानाचा एक ट्रक येऊन उभा होता. त्याच्या पोत्यांवर चौघं बसलेले. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि मी बाजूला झालो.