पोपटाचं खरं नाव

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी मोबाइलवर खातं उघडलं, नावाच्या जागी ‘पोपट’ लिहिलं आणि फोटोच्या जागी हिरवागार पोपट लावला, तेव्हा मी कपाळाला हात लावला. साठी उलटलेली, चांगली सासू झालेली बाई, आणि नाव काय तर पोपट. भावजींनी पेपरातून डोकं वर न काढता सुचवलं, की निदान मैना तरी लिहायचं. जाऊबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. उत्तर द्यायचं नसलं की त्या चष्मा पुसत बसतात.

जाऊबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. पूर्वी परगावी फोन करायचा तर तो बुक करावा लागे. मग मध्ये बसलेली एक बाई बोर्डावरच्या भोकात वायर खुपसून या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायची. ती बाई म्हणजे आमच्या जाऊबाई. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, पाठीमागे येरझाऱ्या घालणारा सुपरवायझर. कॉल जोडला की मधाळ आवाजात म्हणायचं, “लाइन चालू आहे, बोला.” हे वाक्य त्यांच्या जिभेवर असं बसलंय की ताटं मांडून झाली तरी त्या हेच म्हणतात आणि आम्ही मुकाट्यानं जेवायला येतो. मुलं त्यांची नक्कल करतात. मीही करते, त्यांच्यादेखत.

तर हे पोपट खात्यावर करायचे काय? कुंड्यांमध्ये बाग करणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता, तिथे दिवसभर किलबिल. ग्रुपात जाड चष्म्याच्या फोटोची एक बाई होती, तिचं आणि आमच्या पोपटाचं हाडवैर. भांडण कशावरून, तर गुलाबाला चहाचा चोथा घालावा की नाही. जाऊबाई म्हणणार घालावा, ती म्हणणार मुंग्या होतात, मुळं कुजतात. प्रत्यक्षात माशीलाही न दुखावणाऱ्या आमच्या जाऊबाई चोथ्यासाठी असं काही लिहायच्या की मी बघतच राहायची. एकदा त्या चष्मेवालीनं लिहिलं, की ज्यांना स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते त्यांनी लोकांना शहाणपण शिकवू नये. मनातल्या मनात मला ते पटलं.

आणि एका सकाळी कंपनीचा निरोप आला. तुमच्या नावाबद्दल तक्रार आली आहे, आठवड्याच्या आत ओळखपत्रावरचं खरं नाव द्या, नाहीतर खातं बंद होईल. मी म्हटलं, झालं, सुटलो एकदाचे. पण जाऊबाईंचा चेहरा उतरला. सकाळी म्हणाल्या, बंद झालं तर होऊ दे. दुपारी म्हणाल्या, नको गं, बंद नको व्हायला. संध्याकाळी खरं नाव लिहायला बसल्या आणि अर्ध्यात पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच रडगाणं. भाजीत मीठ दोनदा पडलं तेव्हा माझा पारा चढला. मी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि विचारलं, की एवढं काय अडलंय त्या पोपटात?

त्या ओट्याला टेकल्या आणि प्रथमच सगळं सांगितलं. लाइनवर ऑपरेटरनं स्वतःचं नाव सांगायला सक्त मनाई होती, सुपरवायझर मध्येच कान लावायचा. पलीकडच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर होती. लाइन रिकामी असली की दोघी हळूच बोलायच्या. तोंड मिटत नाही म्हणून तिनं यांना नाव ठेवलं पोपट, आणि सारखी रात्रपाळी करते म्हणून यांनी तिला घुबड. आमच्या सासूबाई आजारी असताना, मुलगी झाली तेव्हा, पहिल्यांदा बढती हुकली तेव्हा, सगळं आधी कळायचं ते घुबडाला. एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. मग आपोआप लागणारे फोन आले आणि बोर्ड बंद करायचे ठरले. शेवटच्या आठवड्यात घुबड म्हणाली, “उद्या तुला एक गंमत सांगते.” तो उद्या उजाडायच्या आतच लाइन काढून टाकली होती.

“तिला माझं खरं नाव माहीत नाही, मला तिचं नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “पोपट हे नाव काढलं तर ती मला शोधणार कशी? आणि नाही काढलं तर खातंच जाणार. मी कशासाठी बसलेय तिथे, चोथ्यासाठी?”

माझा राग कुठल्या कुठे पळाला. एवढी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि मला याचा पत्ता नाही. मी तिथल्या तिथे घुबड नावाची खाती शोधायला घेतली. ढिगानं निघाली आणि सगळी कॉलेजातली पोरं. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन वाजला, कोणीतरी कर्ज घ्या म्हणून सांगत होतं, आणि जाऊबाई त्याच्याशीही त्याच मधाळ आवाजात बोलल्या. तो बिचारा बोलायचं विसरून ऐकत राहिला असावा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“जाऊबाई, तिला ना तुमचं खरं नाव माहीत, ना तोंड. मग तुम्हाला ती ओळखायची कशावरून?”

असं ठरलं. खरं नाव द्यायचं, खात्यावर राहायचं आणि आवाज रेकॉर्ड करून तिथे टाकायचा. दुपारी गॅलरीत कुंड्यांजवळ मी फोन धरून उभी राहिले, पण मुद्दाम बोलायचं म्हटल्यावर जाऊबाईंचा आवाज बातम्या वाचल्यासारखा निघू लागला. एकदा कुकरची शिट्टी मध्ये आली, एकदा त्यांना हसू फुटलं. शेवटी भावजी उठले, हात पाठीमागे बांधले आणि मान ताठ करून त्यांच्यामागे येरझाऱ्या घालू लागले. जाऊबाईंची पाठ आपोआप सरळ झाली. “लाइन चालू आहे, बोला,” त्या म्हणाल्या, आणि मग खालच्या आवाजात, सुपरवायझरला ऐकू जाऊ नये तसं, “घुबड, आहेस का गं? मी पोपट.”

ओळखी होत्या त्या ग्रुपातच, म्हणून ते तिथेच टाकलं. बायकांनी फुलं पाठवली, आवाजाचं कौतुक केलं, एकीनं विचारलं घुबड कोणतं झाड. जाऊबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या. दिवेलागणीला चष्मेवाली बोलली. मी म्हटलं, आली टोमणा मारायला, आता हिला मी बघते. पण तिथे एवढंच होतं: “मी घुबड. नंबर दे.”

फोन आला तेव्हा जाऊबाईंनी तो माझ्या हातात दिला, म्हणून स्पीकर मीच लावला. पलीकडून आधी नुसता हुंदका, मग हसणं, मग परत हुंदका. मग ती बाई म्हणाली, “अगं, तुझी तक्रार मीच केली होती.”

“का गं?”

“रोज ते नाव दिसायचं आणि खाली ती भांडखोर बाई. माझी पोपट कधी कुणाला उलट बोलली नाही. तिचं नाव असल्या बाईनं लावावं, हे मला बघवेना.”

जाऊबाई डोळे पुसत होत्या, हसत होत्या आणि मध्येच माझा दंड दाबत होत्या, चांगला दुखेपर्यंत. भावजींनी पेपर घडी करून ठेवला होता. मग जाऊबाईंनी विचारलं, की उद्या सांगणार होतीस ती गंमत काय होती?

पलीकडून आधी खाकरणं. मग अगदी बारीक आवाजात, “विसरले गं मी.”

एवढी हसले मी की पाण्याचा तांब्या कलंडला. ती म्हणाली, आठवते आणि उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी फोन आला, पण गंमत आठवली नव्हती. तेव्हापासून रोज सकाळी येतो, दोघी चोथ्यावरून भांडतात, नातवंडांचं बोलतात, आणि ठेवताना ती म्हणते उद्या नक्की आठवेल. मी परवा चिडून म्हटलं, काय बाई आहे, एक गंमत आठवत नाही. जाऊबाईंनी गुलाबाच्या कुंडीत चोथा टाकला, हात झटकले आणि म्हणाल्या, “नकोच आठवायला तिला.”