आगवाला, फायरफायटर नव्हे

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेत जुन्या जहाजांचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाने एक जहाज निवडून त्याची कारकीर्द चार्टवर मांडायची. तिने निवडलेली आगबोट एकोणिसाव्या शतकातली, लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला उतारू नेणारी. वर पहिल्या वर्गात पियानो, खाली देश सोडून निघालेली गरीब माणसं. पुढे अधिक वेगवान बोटी आल्या आणि ही मुंबईला विकली गेली. मग ती हाजींना जेद्दाला नेऊ लागली. तेव्हा माझ्या अब्बांचे आजोबा तिच्यावर आगवाला होते. तळाशी उभं राहून बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकायचा, हे काम. मुलीने ही बोट घेतली ती त्यांच्यामुळेच.

अब्बा त्या वेळी रत्नागिरीहून आमच्याकडे आखातात, देऱ्याला आले होते. परतीचं विमान प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून चार्टपासून अब्बांच्या इस्त्रीच्या शर्टापर्यंत सगळं मी आधीच आखलं होतं. मुलीने आगवाल्याला इंग्रजीत 'फायरमॅन' लिहिलं होतं. बरोबरच होतं. जहाजावर भट्टी पेटती ठेवणाऱ्याला तेच म्हणत.

शाळेत पोचलो, तर शाळेने छापून घेतलेल्या चार्टवर 'फायरफायटर'. शेजारी लाल हेल्मेटवाल्याचं चित्र.

"मिस चेंज्ड इट," मुलगी म्हणाली. "फायरमॅन इज ओल्ड-फॅशन्ड, मम्मा. इट्स फाइन."

"फाइन काय? अर्थच उलटा झाला!"

अब्बांना मी अर्थ सांगितला.

"विझवायचे?" ते म्हणाले. "अगं बाय, आजोबांनी आग विझवली असती तर हाजी अजून समुद्रातच असते."

मी टीचरना गाठलं. त्या गोड हसल्या. "मॅम, प्रिंट हो गया ना. अब खलास."

पियानोचं चित्र मात्र दोनदा छापलं होतं. शब्द जुना वाटला, तर तो लिहिणाऱ्या मुलीला विचारायला काय झालं होतं? बोट चालायची ती तळातल्या आगीवर. अटलांटिकवर अशा भट्ट्यांपाशी कोण राबलं, ते एकाही चार्टवर नव्हतं. एका आगवाल्याचा उल्लेख आला, तर त्याच्याही डोक्यावर हेल्मेट!

परत आले, तर अब्बा चार्टपाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "ये गलत लिखा है. मेरे दादा आग बुझाते नहीं थे, लगाते थे."

"हबीबी, आग लगानेवाले तो हमारे ऑफिस में भी बहुत हैं!" एक पालक म्हणाले. सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. "मम्मा, गिव्ह मी युअर मार्कर."

माझ्या पर्समध्ये मार्कर, कात्री, चिकटपट्टी कायम असतात. तिने कागदाची पट्टी कापून त्या शब्दावर चिकटवली आणि तिच्यावर देवनागरीत लिहिलं: 'आगवला'.

"स्वीटहार्ट, चार्ट खराब होगा," टीचर लांबूनच म्हणाल्या.

"मिस, इट वॉज रॉंग."

अब्बांनी चष्मा चढवून वाचलं. "वाला, बाय. काना राहिला."

काना मी घातला. मग आणखी एक पट्टी कापली आणि तो हेल्मेटवालाही झाकून टाकला. तेवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.