चरांगोच्या जोडतारा

चरांगो हे बोलिव्हियातल्या खेड्यांमधलं वाद्य. दिसायला हातभर लांबीची गिटार, पण आवाज टिपेचा. दहा तारा, दोन-दोनच्या पाच जोड्या, आणि जोडीतल्या तारा एकमेकींशी तंतोतंत जुळायला हव्यात. इथे जर्मनीत, एश्बॉर्नच्या ऑफिसातला माझा बोलिव्हियन सहकारी मायदेशी परतताना स्वतःचा चरांगो मला देऊन गेला. त्याच्या काकांनी एकाच लाकडातून कोरलेला. दिवसभर मीटिंगमध्ये ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करून आलेला मी संध्याकाळी तो हातात घेतला की जरा माणसात यायचो.

गेल्या हिवाळ्यात तारा जुळेनात. मी हायझुंगला, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेला, शिव्या घातल्या. तिच्या कोरड्या हवेने लाकूड आखडलं असणार. तारा बदलल्या, खोलीत पाण्याची भांडी ठेवली.

“अहो, आता सर्दी होईल त्याला,” बायको म्हणाली.

शेवटी एकदा मनासारखं जुळलं. मी खुशीत वाजवायला लागलो, तर शाळकरी लेक कानांवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, दास इस्ट शीफ!” म्हणजे बेसूर. मी तिच्यावरच खेकसलो. तिने फोनवरचं ट्यूनिंगचं अ‍ॅप लावलं आणि काटा मधोमध येईपर्यंत खुंट्या पिळल्या. मी तार छेडली. मला ते असह्य बेसूर लागलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. माझे दोन कान एकच सूर वेगवेगळ्या उंचीचा ऐकतात, आणि वरच्या पट्टीतलं ऐकणं झपाट्याने चाललंय. श्रवणयंत्राने बोलणं थोडंफार कळेल, संगीत परत येणार नाही. वरच्या पट्टीतलं म्हणजे काय काय, मी विचारलं. पक्षी, दारावरची बेल, त्या म्हणाल्या. आणि लहान मुलांचे आवाज.

चरांगो पेटीत ठेवला. त्याचं दुःख मी कसंतरी गिळलं असतं. पण लेक मराठीत उत्तर देत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं तिच्या मागे लागलो होतो. आता ती कुठल्याही भाषेत बोलो, मला नुसतं ऐकू येऊ दे, एवढंच वाटतं.

परवा ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि हातवारे करत काहीतरी सांगत सुटली. मी कानातलं यंत्र चाचपलं.

“काय गं? परत सांग.”

तिने परत सांगितलं. मी परत विचारलं.

“एगाल, बाबा.” जाऊ दे. ते ओठांवरून कळलं.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तेच आईला सांगायला लागली. बायको खळखळून हसली. तिचं हसणं मला ऐकू आलं. कशाला हसली, ते मी विचारलं नाही.