काढून ठेवलेले दोन पाटे

बायकोला हे ठाऊक नाही. मुलांना तर नाहीच. ज्याला सांगायला हवं होतं तो गेल्या वर्षी गेला, आणि त्याच्या मातीला उभा राहूनही मी तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच बहुतेक. ओळखीच्या माणसासमोर बसून हे बोलायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

टायरपासून सुरुवात करतो. टायरवर मी कितीही वेळ बोलू शकतो, ते सोपं आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, आणि साहेबांना फिरायला गाड्या अपुऱ्या. त्यात दुष्काळ पडलेला. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती, ती बघायला साहेब लोक रोज बाहेर. माझ्या मामांनी लिलावात एक जुनी जीप घेतली आणि कचेरीला भाड्याने लावली. मी मोटार स्टँडमागच्या गॅरेजात मेकॅनिक, त्यामुळे गाडीची सगळी देखभाल माझ्याकडे. चालवायला सिद्धार्थ. तो माझा दोस्त, रेणापूरच्या पलीकडे डोंगराला लागून त्याचं गाव. आमची गावाकडे पाटीलकी, तो बौद्ध वस्तीतला. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते माझ्या उपयोगी पडलं.

त्या वाटांना रस्ते म्हणणं म्हणजे कौतुकच होतं. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, आणि जिथं भेगा नाहीत तिथं नुसती अंथरलेली खडी, रोलर न फिरवलेली. साधे टायर महिनाभरात फाटायचे. मग मी आणि सिद्धार्थ टायर निवडायला निघालो — मुलगी बघायला निघावं तसे, इस्त्रीचे शर्ट घालून. दुपारभर दुकानात बसलो. तो प्रत्येक टायरच्या खाचेत बोट घालून बघायचा. शेवटी आम्ही मोठ्या मापाचे, जाड गट्ट्यांचे टायर घेतले. ट्रॅक्टरच्या टायरचे धाकटे भाऊ शोभतील असे. मामा म्हणाले, गाडीला आता मिशा आल्या.

पण मोठा टायर नुसता चढवून भागत नाही. जीपच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, आम्ही त्यांना पाटे म्हणतो. गाडीचं सगळं ओझं ते पेलतात. टायर मोठा केला की पाटाही वाढवावा लागतो, नाहीतर ओझ्याने गाडी खाली बसते आणि टायर वरच्या पत्र्याच्या कडेला घासतो. घासून घासून चिरतो. हे सिद्धार्थला कुणी शिकवलं? मीच. गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडून आम्ही मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

जादा पाट्याने गाडी कडक झाली. साहेबांची कंबर धरली. त्यांनी सिद्धार्थला नाही, मला सांगितलं — हसत हसत, पण सांगितलं. नव्या जिल्ह्यात सरकारी वर्कशॉप निघणार, माणसं घेणार, अशी बोलवा तेव्हा गॅरेजात रोज चालायची. साहेबांचा एक शब्द पुरेसा होता. मला तो शब्द हवा होता. खूप हवा होता.

सिद्धार्थ दोन दिवस गावी गेला होता तेव्हा मी ते दोन्ही पाटे काढले आणि गॅरेजातल्या कामाच्या बाकाखाली सरकवून ठेवले. साहेब खूश झाले. त्याला सांगितलं का? नाही. का नाही? तो म्हणाला असता, घाल परत. आणि मला घालावे लागले असते.

परत आल्यावर एकदा त्याने विचारलंही. "माधव, मागं कायतरी घासून राहिलंय रे." मी म्हणालो, "नवं रबर हाय, बसंल हळूहळू." त्याने मान हलवली. माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीवर तो संशय घेत नसे.

रविवारी दौरा नसायचा. त्याच्या गावाला टँकर चढत नव्हता, म्हणून मामांच्या परवानगीने तो रविवारी जीपमध्ये पाण्याची पिंपं भरून वर न्यायचा. त्या रविवारी शाळेसाठी एक पिंप जास्त होतं. त्याची थोरली बहीण, कौसाक्का, बाजाराला आली होती. ती मागे पिंपांना धरून बसली. मी गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभा होतो. शेवटचं पिंप चढलं तशी गाडी मागे बसलेली मला दिसली. टायर आणि पत्र्याच्या कडेत बोट जाईना, इतकी. पाटे आत बाकाखालीच होते. तासाभराचं काम. पण सोमवारी साहेबांचा मोठा दौरा होता, पुन्हा काढायचे कधी? मी एवढंच म्हणालो, "हळू जा."

तो हळूच गेला. तो नेहमीच हळू जायचा.

गावाच्या चढावर मागचा टायर फुटला. गाडी मागे घसरून कलली आणि पिंपं सुटली. कौसाक्काचा उजवा हात पिंप आणि पत्र्याच्या मध्ये सापडला. पुढे तो मनगटापासून काढावा लागला.

मोडकी जीप गॅरेजात आणली तेव्हा टायर मी आधी पाहिला. आतल्या बाजूने गोल चीर, सुरीने कापल्यासारखी. मी तो टायर इतर भंगारात टाकून दिला. मग मामा आले, गॅरेजचे मालक आले, चार माणसं जमली. सिद्धार्थ भिंतीला टेकून उभा होता, शर्टवर बहिणीचं रक्त वाळलेलं. मामांनी मला विचारलं, "गाडी कशी व्हती?"

"गाडी चांगली व्हती," मी म्हणालो. "लोड जास्त भरला त्यानं."

कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. एकाने फक्त हात झटकला — ह्या लोकांच्या हाती गाडी दिली की असंच, अशा अर्थाने. मी ते चालू दिलं. माझं खोटं किती अलगद खपलं, आणि का, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी त्याचाच फायदा घेतला, हे लपवून काय करू?

पण त्याहून वाईट पुढेच आहे. सिद्धार्थने माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. त्याला ते खरं वाटलं. मी म्हणालो म्हणून खरं वाटलं.

मामांनी जीप भंगारात काढली. सिद्धार्थने पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही; खडीवर गेला, मग दुसऱ्यांच्या रानात. मला वर्कशॉपात नोकरी लागली. तिथूनच मी निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेऊन.

वर्षभराने तो गॅरेजात आला होता. आक्का डाव्या हाताने काम शिकत होती, आणि बाजारातले विळे सगळे उजव्या हाताचे. लोहाराकडून उलट्या धारेचा विळा करून घ्यायचा होता, त्यासाठी चांगलं पोलाद पाहिजे होतं. "एखादा जुना पाटा हाय का रं?" मी वाकलो आणि बाकाखालून त्या दोनांपैकी एक काढून त्याच्या हातात दिला. वाकलो तेव्हा सांगता आलं असतं. त्याने पाटा उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, "लई चांगला हाय की, काढला कशाला?" मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

गेल्या वर्षी सिद्धार्थ गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या घरी गेलो. आक्का आता पार वाकली आहे. मला बघून तिने कुडाला खोचलेला विळा काढून दाखवला. झिजून अर्धा झालेला; मुठीजवळ पाट्याच्या बोल्टचं अर्धं भोक अजून दिसतं.

"माधवभाऊ, ह्ये तुमचंच पोलाद. अजून धार धरतंय बघा." मग म्हणाली, "सिधू शेवटपत्तोर म्हणायचा. माधवनं गाडी चांगली दिली व्हती आक्का, म्याच एक पिंप जास्त घेतलं."

मी विळा हातात घेतला. चांगला आहे, म्हणालो. तिने डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला. तो मी प्यालो आणि घरी आलो.