दाबून धरलेले गुडघे

“मॅडम, पोरगी फिट हाय म्हणून लिहून द्या, बस,” बाप दारातूनच म्हणाला. मोजल्याशिवाय मी एक अक्षरही लिहीत नाही, असं मी सांगितलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा हा ताठा यवतमाळात सगळ्यांना ठाऊक होता.

मुलगी आर्णीकडची, वनिता. कापसाच्या भावाने गावांनी हाय खाल्ली होती, तरणी पोरं-पोरी पोलीस भरतीच्या मागे लागली होती. ही धावण्यात पहिली आली आणि मेडिकलमध्ये ‘नॉक नी’ म्हणून बाद झाली. नॉक नी म्हणजे गुडघे एकमेकांना चिकटतात, पण घोटे जुळत नाहीत. फेरतपासणी बारा दिवसांवर होती. तिथेही हाच शेरा आला की नोकरी गेली.

तिला टेबलावर झोपवलं. कमरेच्या पुढच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत एक रेघ, वाटीपासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे क्यू अँगल. बायकांचा थोडा जास्तच भरतो. हिचा अगदी नॉर्मल. उभी केली, तर घोट्यांमध्ये चार बोटं अंतर. पुन्हा झोपवलं, पुन्हा नॉर्मल. माझं डोकंच चालेना.

तेवढ्यात फोन वाजला म्हणून आत गेले. परत येताना पाहते तर ती खिडकीशी बापाशी बोलत उभी, आणि घोटे छान जुळलेले. मला बघताच सावधान झाली. मांड्या आत वळल्या, वाट्या एकमेकींकडे बघू लागल्या, पावलं फाकली.

“गुडघे काहून दाबतेस गं?” मी विचारलं.

ती ओशाळली. “काकू म्हणते, माहे पाय फेंगडे हायेत. गुडघ्याच्या मधात फट दिसली तं मले काढून टाकतीन. म्हणून दाबून धरले.”

फट होती, पण जेमतेम दोन बोटांची. तेवढी चालते. एक दोष लपवायला गेली आणि नसलेला दुसरा अंगाला लावून घेतला. मला हसू आलं आणि त्या काकूचा रागही आला.

रोज तिला फक्त उभं राहायला शिकवलं. वाट्या समोर, मांड्या सैल. बाप कुरकुरला, “उभं राह्याले कायले शिकवा लागते?” पण रोज एसटीने तिला घेऊन आला.

फेरतपासणीत डॉक्टरांनी दोनदा मोजलं, माझा कागद वाचला आणि ‘फिट’ लिहिलं. कळल्यावर मी दिवसभर दवाखान्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते.

तेव्हापासून मोजपट्टी हातात घेण्याआधी मी पेशंटला विचारते, तुला भीती कशाची वाटते? उत्तर केसपेपरवर क्यू अँगलच्या वरच्या ओळीत लिहिते.