मयत मतदाराचं मत

पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पलीकडल्या एका गावातल्या मयत माणसाच्या तोंडी मी विधानसभेवरचा राग घातला आणि तो छापूनही आणला. ही हकीकत मी आजवर बायकोलाही पुरती सांगितलेली नाही. तिला फक्त शेवट माहीत आहे, कारण शेवट सांगण्यासारखा आहे. मधला भाग आता लिहून टाकतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तळोज्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो आणि पनवेलच्या एका लहान साप्ताहिकात हौसेनं लिहीत होतो. बाजारात कोणी थांबवून "वाचला तुमचा लेख" म्हणालं, की तेवढ्यावर माझा आठवडा निघे. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली तेव्हा आमच्या संपादकांनी ठरवलं, पुढाऱ्यांच्या मुलाखती पुरे झाल्या, आता मतदारांना विचारायचं. प्रश्न दोनच. विधानसभेच्या कामावर नाराज असाल तर कशामुळे? आणि दोष कोणत्या पक्षाला देता?

संपादक निवृत्त शिक्षक होते, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारे. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि गाव छापायचं आणि ते नाव मतदार यादीशी ताडून घ्यायचं, असा त्यांनी नियम घातला. "उद्या कोणी म्हणायला नको, की ही माणसं आपण घरबसल्या जन्माला घातली," ते म्हणाले.

माझ्या वाट्याला नेऱ्याकडची गावं आली. रविवारी सकाळच्या एसटीनं गेलो. पहिल्या दोन घरांत नीट बसून विचारलं, लिहून घेतलं. पुढची चार घरं बंद. सगळी माणसं वालाच्या शेंगा तोडायला शेतात. शेतापर्यंत चालत जायला फार तर वीस मिनिटं लागली असती. पण माझे बूट नवे होते, ऊन चढलं होतं आणि परतीची एसटी चुकवायची नव्हती. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो, पिशवीतून मतदार यादी काढली आणि एकेक नाव उतरवून उत्तरं स्वतःच लिहू लागलो.

नुसता आळस असता तर कदाचित एवढं टोचलं नसतं. आमच्या इमारतीत तेव्हा एक दिवसाआड पाणी येई आणि त्याचा सगळा राग मी सत्ताधारी पक्षावर धरला होता. तो राग मी तिथल्या शेतकऱ्यांच्या नावांवर वाटून टाकला. भाषा जरा गावची केली. एकाला म्हणायला लावलं, "निवडून जातात आनि आमाला इसरतात, सगला दोष सरकारी पक्षाचा." मला ते वाक्य फार आवडलं. ज्याच्या नावावर ते घातलं त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला ठाऊक नव्हतं. यादीत मात्र तो हयात होता.

अंक निघाला. पहिल्या पानावर 'तालुक्याचा राग सत्ताधाऱ्यांवर', आणि खाली चौकटीत नेमकं ते वाक्य. बाजारात दोघांनी थांबवून शाबासकी दिली. मी ती घेतली.

गुरुवारी दुपारी कारखान्यातली पाळी संपवून मी साप्ताहिकाच्या कचेरीत आलो होतो. साठीच्या एक बाई जिना चढून आल्या. हातात आमचा अंक, चार घड्या घातलेला.

"बसा, मावशी," संपादक म्हणाले.

"बसाया नाय आले. माझ्या घरवाल्याशी तुमचा मानूस बोलला, त्याला बघाया आले." त्यांनी अंक उलगडून टेबलावर ठेवला. "तीन वर्सं झाली त्याला जाऊन. जित्ता व्हता तवा माझ्याशी चार सबूद बोलत नव्हता. आनि तुमच्याशी येवढा बोलला?"

कोपऱ्यात छपाईचे खिळे जुळवणारा कंपोझिटर फिसकन हसला. बाईंचं अजून संपलं नव्हतं.

"आनि जलमभर तेनी त्याच सरकारी पक्षाला मत दिलं. मेल्यावर पक्ष बदलला व्हय?"

संपादकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "यादी जुनी आहे, मावशी. त्यात नाव राहून गेलं."

"यादी जुनी असंल. पन तू कुठं बसून इचारलंस त्याला?"

"टपरीवर," मी म्हणालो. "कोणाला विचारलं नाही. दोन घरं सोडून सगळं मीच लिहिलं."

संपादकांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. शेवटी बाईच खुर्चीवर टेकल्या.

"मी जित्ती हाय," त्या म्हणाल्या. "मना इचार."

मी आमच्या दोन प्रश्नांचा कोरा फॉर्म घेतला आणि विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून तयार होती, पण नर्स नव्हती, म्हणून दाराला कुलूप. बाळंतिणीला जीपमध्ये घालून पनवेलला न्यावं लागे. त्यांची एक सून वाटेतच, जीपमध्ये बाळंत झाली होती. गावानं सह्यांचा अर्ज दिला. विधानसभेत प्रश्न लागला, असा निरोप आला. त्या दिवशी बाई शेतावर न जाता शेजारच्या घरी रेडिओपाशी बसून राहिल्या. संध्याकाळच्या बातम्यांत एवढंच आलं, की गदारोळात कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं. पुढच्या अधिवेशनात पुन्हा तेच.

"आता दोष कोणाला देता?" मी विचारलं.

"दोगांनला. उत्तर देनारे बी वरडत व्हते, इचारनारे बी वरडत व्हते. आमची पाळी आली का तेंचं भांडान सुरू. लिव."

मी शब्दन् शब्द लिहिला. मतदानाला अडीच आठवडे होते, आणि तेवढ्यात हे मत लोकांपर्यंत गेलं नाही तर आणखी पाच वर्षं ते दार बंद राहणार, हे न सांगता आम्हा सगळ्यांना कळलं. संपादक मला म्हणाले, "आधी ती सगळी घरं पुन्हा करा. तुमचं काय करायचं ते मग बघू."

मी कारखान्यात तीन दिवस रजा टाकली आणि सायकलनं गेलो. घरं बंद असली की शेतावर जाई आणि शेंगा तोडत तोडत विचारी. हळूहळू मला कळत गेलं, की टपरीवर बसून मी किती मोठी थाप मारली होती. सत्ताधाऱ्यांना मत देणारे आधी विरोधकांना दोष देत, विरोधकांचे मतदार सत्ताधाऱ्यांना. पण जरा बसून राहिलं, की दोन्हीकडून एकच तक्रार निघे: सभागृह चालतच नाही. नाक्यावरचे किराणा दुकानदार चाचा म्हणाले, "भाईसाब, शाळेत आम्ही एवढा दंगा केला असता ना, तर मास्तरनी दिवसभर अंगठे धरायला लावले असते. यांना भत्ता मिळतो!"

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर माझ्या नावानिशी छापून आलं, की मागच्या अंकातली उत्तरं मी बनवली होती. तो मजकूर मीच लिहिला. संपादकांनी त्यातला एकच शब्द बदलला. मी 'चूक' म्हटलं होतं, त्यांनी 'खोटेपणा' केलं. त्याखाली खरी उत्तरं होती, आणि सर्वांत वर मावशींचं. अंक शुक्रवारी दुपारपर्यंत संपला. आमच्या साप्ताहिकाच्या बाबतीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग संपादकांनी दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना त्या गावच्या देवळापुढं बोलावलं. दुसरा येणार आहे असं प्रत्येकाला कळवल्यामुळे दोघंही आले. दुपारची सभा, अंगण भरलेलं, बायका पुढे. मला मावशींचा फॉर्म वाचायला सांगितलं होतं. मी आधी म्हणालो, "तुमच्या नावांवर पहिल्यांदा जे छापलं ते मी बनवलेलं होतं. मी माफी मागतो."

मागून कोणी ओरडलं, "आज जित्त्यांना इचारलंय ना रं?"

अंगण हसलं. मीही हसलो, आणि कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली. फॉर्म वाचला. सत्ताधारी उमेदवारानं माइक घेतला. "इमारत आमच्या सरकारनं बांधली. पण प्रश्न आला त्या दिवशी यांच्या लोकांनी—"

"मंत्री हजर नव्हते, ते सांगा की!" दुसऱ्यानं माइकला हात घातला. दोघं एकदम बोलू लागले, एकच माइक दोन हातांत.

मावशी उभ्या राहिल्या. "बघा गं बायांनो! हितं येक मायक तर ही तऱ्हा. तिकडं परतेकाला येकेक हाय!"

एवढं हसू उसळलं की दोघांनीही माइक सोडून दिला. मावशी तशाच पुढे आल्या, माझ्या हातातला फॉर्म घेतला, पालथा केला आणि टेबलावर ठेवला.

"लिवून द्या. आमच्या नर्सचा प्रश्न निघंल तवा तुमच्याकडचा कोनी वरडनार नाय. दोगंबी सही करा."

"मावशी, सभागृह असं चालत नाही..." एक जण म्हणाला.

"म्हनून तर," त्या म्हणाल्या.

पहिल्यानं सही केल्यावर दुसऱ्याला मागे राहता येईना. त्या कागदाचा फोटो आम्ही मतदानाच्या आधीच्या अंकात अर्धं पान भरून छापला.

दोघांतलं कोण निवडून आलं, याला त्या गावात फार महत्त्व उरलं नव्हतं. पहिल्याच अधिवेशनात प्रश्न आला, मंत्र्यांनी उत्तर दिलं आणि कोणीही ओरडलं नाही. पावसाळ्याआधी नर्स रुजू झाली. त्या दिवशी मावशींनी निरोप पाठवून मला मुद्दाम बोलावलं. एसटीतून उतरलेल्या नर्सबाईंची ट्रंक त्यांनी स्वतः डोक्यावर घेतली आणि निम्मं गाव मागून चालू लागलं. उपकेंद्राची किल्ली कोणाकडेच सापडेना. मग मावशींनी ट्रंक उतरवली, कुंपणातला एक दगड उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटून पडलं. बायकांनी आरोळी ठोकली आणि सगळे एकदम आत घुसले. आत वटवाघळांची घाण आणि बोटभर धूळ होती. मावशींनी मला दारात उभा बघितलं. "ये की आत," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात केरसुणी दिली. मी चपला बाहेर काढल्या आणि झाडायला लागलो.